किती मारतोस?

(दहावी १९८५च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात पहिल्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



जेवणानंतरचं पहिलं सत्र मला देण्यात संयोजकांचा काही हेतू असावा. मठ्ठा आणि जिलबी पोटात आहे, पंखे चालू आहेत, आणि चाळीस वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये दुपारी दोनच्या तासाला आपण काय करायचो ते सरांनाही माहीत आहे. ज्यांना डुलकी येईल त्यांनी खुशाल घ्यावी. फक्त शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकं टाकू नका, कारण मी आज खांद्यांबद्दलच बोलणार आहे.

मला विषय दिला होता 'पन्नाशीनंतरचा व्यायाम'. तो मी बदलून घेतला. कारण गेल्या दिवाळीत आपल्या तुकडीच्या व्हॉट्सॲपवर जे झालं ते तुम्ही सगळ्यांनी वाचलंय. आपल्यातल्या तिघांनी आपापल्या डेडलिफ्टचे आकडे टाकले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीवर ठेवलेला वजनांचा रॉड दोन्ही हातांनी धरून सरळ उभं राहायचं, ही डेडलिफ्ट. हमाल पोतं उचलतो त्याचा पहिला अर्धा भाग म्हणा. तर खिडकीजवळच्या बाकावर बसणारा आपला मित्र, वजन ९६ किलो, त्याने लिहिलं १५५. पहिल्या बाकावरचा, वजन ६२, त्याने लिहिलं ११५. आणि मुलींच्या रांगेतली आपली एक मैत्रीण, वजन ५४, तिने लिहिलं ९०. नावं घेत नाही. घ्यायची गरजही नाही, तुम्ही आत्ताच माना वळवल्यात.

मग कुणीतरी लिहिलं, "९० तर आपला वॉर्मअप." त्याखाली हसणारे चेहरे आले. मी मोजले नाहीत, पण बरेच होते. त्यानंतर आपल्या मैत्रिणीने एकही आकडा टाकलेला नाही. डॉक्टरांनी हाडं विरळ होत चालल्याचं सांगितलं तेव्हा, त्रेपन्नाव्या वर्षी, ती पहिल्यांदा रॉडला हात लावायला गेली होती. आणि तिसऱ्या आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली. ज्याने आयुष्यात कधी रॉड धरला नव्हता असा आपला एक मित्र १५५ वाचून शेजारच्या जिममध्ये गेला, त्याने १४० लावले आणि ओढले. एक तळवा आत, एक तळवा बाहेर, अशी पकड. कोपराजवळ बायसेप्सचा कंडरा तुटला. शस्त्रक्रिया झाली. तो आज इथे आलाय आणि हे सांगायला त्यानेच मला परवानगी दिली आहे. म्हणाला, "सांग, पण आकडा १४०च सांग, कमी करू नकोस."

मी गेली चौदा वर्षं पॉवरलिफ्टिंग करतो. सुरुवात एकेचाळिसाव्या वर्षी केली. त्यातली काही वर्षं स्पर्धांमध्ये पंच म्हणूनही बसतो. म्हणून त्या भांडणात मला विचारलं गेलं, "तूच सांग, तिघांत ताकदवान कोण?" त्याचं उत्तर फोनवर टाइप करण्यासारखं नव्हतं. ते आज देतो.

जिममध्ये नवा माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. नाव, गाव नंतर. "बेंच किती मारतोस?" समोरचा एक आकडा सांगतो आणि त्या आकड्यावर त्याची जागा ठरते. आता बघा, आपल्या वेळी दहावीला ७० टक्के मिळाले की पेढे वाटायचे. आज ७० टक्केवाल्याच्या घरी सांत्वनाला जातात. मग आपण हुशार की आपली पोरं? हा प्रश्न कुणी गंभीरपणे विचारत नाही, कारण पेपर वेगळे, तपासणारे वेगळे, हे आपल्याला कळतं. वजनाच्या बाबतीत मात्र शहाणी माणसंही किलो म्हणजे किलो असं धरून चालतात.

किलो म्हणजे किलो असतो का, इथून सुरुवात करू. स्पर्धेत वापरतात त्या प्लेटा तपासलेल्या असतात. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंगच्या नियमाप्रमाणे लिहिलेल्या वजनात पाव टक्क्याहून जास्त फरक चालत नाही. म्हणजे २० किलोच्या प्लेटेला ५० ग्रॅम. आपल्या गल्लीतल्या जिमच्या प्लेटा ओतीव असतात, रंग तीनदा दिलेला असतो, कडेचा टवका गेलेला असतो. मी एकदा २० लिहिलेल्या चार प्लेटा काट्यावर ठेवल्या होत्या. एक १९च्या आसपास निघाली आणि एक २१ला टेकली. रॉड स्पर्धेत २० किलोचा असतो. जिममध्ये तो कितीचा आहे हे जिमवाल्यालाही ठाऊक नसतं, पण हिशेब सगळे वीसनेच करतात. शंभरच्या वरच्या आकड्यात तीन-चार किलो इथेच इकडे तिकडे होतात, आणि आपल्याकडे भांडणं अडीच किलोवरून होतात.

पण हे किरकोळ झालं. मोठा फरक पडतो तो उचललं म्हणजे नेमकं काय केलं, यात. स्पर्धेत तीन पंच असतात, प्रत्येकाकडे पांढरा आणि लाल दिवा असतो, आणि दोन पांढरे मिळाले तर लिफ्ट मान्य. डेडलिफ्टमध्ये रॉड वर जाताना मध्येच खाली आला तर लाल. मांडीवर टेकवून पुढे ढकलला तर लाल. शेवटी गुडघे ताठ आणि खांदे मागे नसतील तर लाल. मुख्य पंचाने हात खाली करायच्या आधी रॉड टाकला तरी लाल. मनगटाचे पट्टे रॉडला गुंडाळलेले असतील तर तुम्हाला व्यासपीठावर येऊच देत नाहीत. स्क्वॉटमध्ये मांडीचा जांघेकडचा भाग गुडघ्याच्या माथ्याच्या खाली गेलाच पाहिजे. आपल्या जिममध्ये ज्याला बैठक म्हणतात, त्यातल्या निम्म्या माझ्या दृष्टीने नमस्कार असतात. जरा वाकायचं आणि सरळ व्हायचं. बेंचला रॉड छातीवर थांबला पाहिजे. छातीवर आपटून उसळवलेले १०० आणि थांबवून मारलेले १०० यात कितीचा फरक पडतो हे ज्याने दोन्ही केलंय त्याला विचारा. आणि मागे उभा राहून "तूच मारतोयस, तूच मारतोयस" म्हणणाऱ्या मित्राची बोटं रॉडखाली असतील तर तो आकडा दोघांत वाटून घ्यावा.

लिफ्ट नीट झाली की नाही यावर एकमत होईना म्हणून एक अख्खा प्रकारच ऑलिंपिकमधून गेला, हे फार जणांना माहीत नसतं. १९७२च्या म्युनिकपर्यंत वेटलिफ्टिंगमध्ये तीन प्रकार होते. प्रेस, स्नॅच, आणि क्लीन अँड जर्क. प्रेस म्हणजे खांद्यावर घेतलेलं वजन निव्वळ हातांच्या जोरावर डोक्यावर नेणं. लिफ्टर हळूहळू पाठ मागे वाकवून ते छातीच्या जोरावर न्यायला लागले, कंबरेचा हिसका द्यायला लागले. एक पंच पांढरा दिवा लावी, शेजारचा लाल. शेवटी १९७२नंतर प्रेस काढूनच टाकली. आता गंमत बघा. सोव्हिएत संघाच्या वसिली अलेक्सेयेव्हने १९७० साली तिन्ही प्रकारांची बेरीज ६०० किलोवर नेली. असं करणारा तो जगातला पहिला. आणि २०२१ साली जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेने विश्वविक्रम केला तो ४९२ किलोंचा. नुसते आकडे वाचणारा म्हणेल, पन्नास वर्षांत माणूस शंभर किलोंनी दुबळा झाला! एक बेरीज तीन प्रकारांची आहे आणि दुसरी दोन प्रकारांची, हे शेजारी लिहिलेलं नसेल तर तो तेच म्हणणार.

आणखी एक आकडा आहे, त्याची मला खरी चीड येते. तो आकडा उचललेला नसतोच. फोनवर हिशेब करून काढलेला असतो. तुम्ही १०० किलो दहा वेळा उचलले, तर सूत्र सांगतं की एकदाच उचलायचं झालं तर १३३ उचलाल. सूत्र खोटं नाही. एप्लीचं सूत्र आहे, ब्रझिकीचं आहे, दहा वेळांना दोन्ही १३३च देतात. तालीम आखायला ती उपयोगी पडतात, मीही वापरतो. पण तेच १०० किलो वीस वेळा उचलले असं घाला. एक सूत्र १६७ सांगतं आणि दुसरं २१२. त्याच माणसाचे, त्याच दिवशीचे दोन आकडे, मध्ये ४५ किलोंचं अंतर. माणसं यातला कुठला सांगतात ते मी सांगायला नको. "माझा पीआर १६५" म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, उचललास की काढलास?

स्पर्धेत हे सगळे प्रश्न मिटतात, पण एक नवा येतो. तिथे फळ्यावर लागतं तेवढंच खरं. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात स्नॅचला ११३ उचलले. मलेशियाच्या मोहम्मद अनीकचे होते १०७. सहा किलोंची आघाडी. क्लीन अँड जर्कला संकेतने पहिल्या प्रयत्नात १३५ घेतले, मग १३९चे दोन प्रयत्न साधले नाहीत, आणि त्यातच कोपर दुखावलं. अनीकने शेवटी १४२ उचलले. बेरीज २४९ आणि २४८. एका किलोने सुवर्ण गेलं. वडिलांची पानपट्टी आणि चहाची गाडी असलेल्या त्या पोराने दुखरा हात गळ्यात अडकवून रौप्य घेतलं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. मी जिममध्ये सगळ्यात जास्त १७० ओढलेत, स्पर्धेत १६०. मला कुणी विचारलं तर मी १६० सांगतो. जिममध्ये दिवस मी निवडतो, वेळ मी निवडतो, जमलं नाही तर परवा पुन्हा. स्पर्धेत तुमचं नाव पुकारलं की घड्याळ सुरू होतं आणि एक मिनिट मिळतं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. समजा तिघांचे आकडे काटेकोर आहेत. मग १५५, ११५ आणि ९० यात मोठं कोण?

स्पर्धेचं उत्तर असं आहे की हा प्रश्नच येत नाही. ९६ किलोचा मित्र १०५च्या गटात जाईल, ६२चा ६६च्या गटात, आणि मैत्रीण महिलांच्या ५७च्या गटात. तिघांनाही सुवर्ण मिळू शकतं, तिघंही चौथे येऊ शकतात. आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. कुरुंदवाडचे दोघं २०१४च्या ग्लासगो राष्ट्रकुलमधून कांस्य घेऊन आले. गणेश माळी ५६ किलो गटात, एकूण २४४. ओंकार ओतारी ६९ किलो गटात, एकूण २९६. पदक दोघांचं सारखंच, आकड्यांत ५२ किलोंचं अंतर. कुरुंदवाडात कुणी गणेशला "माझ्यापेक्षा बावन्न कमी" असं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

पण माणसाला तुलना हवीच असते, आणि त्यात वाईट काही नाही. जत्रेत गोल दगड उचलायला लावायचे तेव्हापासून हे चाललंय. तर वेगवेगळ्या वजनाच्या माणसांची तुलना करायची कशी? सगळ्यात सोपी रीत म्हणजे स्वतःच्या वजनाच्या किती पट उचललं. त्या हिशेबाने खिडकीजवळचा १.६१ पट, पहिल्या बाकावरचा १.८५ पट, मैत्रीण १.६७ पट. म्हणजे पहिला आला पहिल्या बाकावरचा, आणि ज्याने "वॉर्मअप" लिहिलं (ते त्यानेच लिहिलं होतं, आता सांगून टाकतो) तो १५५वाला तिसरा. आपल्या मैत्रिणीच्याही मागे.

पण थांबा, हीसुद्धा रीत बरोबर नाही. इथे गणिताच्या बाईंची परवानगी घेऊन थोडी भूमिती करतो. बाई, चुकलं तर उभं करा. एका घनाची बाजू दुप्पट केली की त्याच्या एका पृष्ठाचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि घनफळ आठपट. माणसाचं वजन घनफळासारखं वाढतं. स्नायूची ताकद मात्र त्याच्या जाडीवर ठरते, म्हणजे आडव्या कापाच्या क्षेत्रफळावर. मोटेचा दोर आठवा. दोर लांब केला म्हणून जास्त वजन तोलत नाही, जाड केला तर तोलतो. म्हणजे वजन आठपट झालं तर ताकद आठपट होत नाही, चौपटच होते. मुंगी आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओझं वाहते आणि हत्तीला ते जमत नाही, त्याचं एक मोठं कारण हेच. म्हणून किती पट हा हिशेब हलक्या माणसाला फुकटचे गुण देतो.

हे जागतिक पातळीवर स्पष्ट दिसतं. १९८८च्या सोलमध्ये तुर्कस्तानचा नईम सुलेमानोग्लू ६० किलो गटात होता. स्नॅच १५२.५, जर्क १९०, एकूण ३४२.५. वजनाच्या ५.७ पट. टोकियोत लाशा तालाखाद्झेने ४८८ उचलले, पण त्याचं वजन १७० किलोंच्या वर, म्हणजे तिप्पटही नाही. म्हणून लाशा नईमच्या निम्मा आहे असं कुणी म्हणणार नाही. नईम मोठा होता हे मात्र दुसऱ्या गोष्टीवरून कळतं. त्याच स्पर्धेत त्याच्या वरच्या, ६७.५ किलोच्या गटातलं सुवर्ण ३४० किलोंना गेलं. खालच्या गटातल्या पोराने वरच्या गटाचं सुवर्ण जिंकलं असतं! सूत्राशिवाय कळणारं मोठेपण ते हे.

तर भूमितीचा हिशेब असा. आपल्या वजनाचं घनमूळ काढायचं, त्याचा वर्ग करायचा, आणि उचललेल्या किलोंना त्याने भागायचं. खिडकीजवळचा येतो ७.३९, पहिल्या बाकावरचा ७.३४. बरोबरीच म्हणा. रॉडला अडीच किलो कमीजास्त झाले की निकाल फिरतो. आणि प्लेटांचा काटा किती खरा ते मी मघाशी सांगितलं. मैत्रीण येते ६.३०.

मग झालं का? नाही. भूमितीला माणूस म्हणजे ठोकळा वाटतो. खरी माणसं तशी वाढत नाहीत. म्हणून खेळाने दुसरा मार्ग काढला. प्रत्येक वजनाला जगातली उत्तम माणसं किती उचलतात ते पाहायचं, त्यावरून वक्र काढायचा, आणि तुम्ही त्या वक्राच्या किती जवळ आहात ते मोजायचं. वेटलिफ्टिंगमध्ये कॅनडाच्या सिंक्लेअर यांचा गुणक चालतो, आणि दर ऑलिंपिकनंतर तो नव्याने काढतात, कारण माणसं पुढे जातात. पॉवरलिफ्टिंगमध्ये ऑस्ट्रेलियाच्या विल्क्स यांचं सूत्र वर्षानुवर्षं चाललं, २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने ते बाजूला ठेवलं, आता दुसरी आहेत. त्यातलं डॉट्स नावाचं एक मी तुमच्या तिघांना लावलं. पंच म्हणून सांगायला हवं की ते तीन लिफ्टच्या बेरजेसाठी केलेलं आहे, एकट्या डेडलिफ्टला लावलं तर अंदाज मिळतो, निवाडा नव्हे. या सूत्रात स्त्रिया आणि पुरुषांचे वक्र वेगळे आहेत. पहिल्या बाकावरचा, साडेचौऱ्याण्णव. खिडकीजवळचा, सत्त्याण्णव. आणि वॉर्मअपवाली, एकशे सात.

(टाळ्या नंतर वाजवा, वेळ कमी आहे.)

इथे मागून कुणीतरी म्हणणार, "बायकांना सवलत दिली की मग येणारच पहिली." ही सवलत नाही. सवलत म्हणजे कमी करूनही तेवढंच मोजणं. इथे विचारलेलं असं आहे की तुझ्यासारख्या शरीराने जगात जास्तीत जास्त जे केलंय, त्याच्या तू किती जवळ पोचलीस? हाच प्रश्न ९६ किलोच्या पुरुषालाही विचारला. त्याची मोजपट्टी त्याच्याएवढ्या पुरुषांची, तिची तिच्याएवढ्या बायकांची. ६२ किलोच्या मित्राला ६२ची मोजपट्टी दिली तेव्हा कुणी सवलत म्हणालं नाही. आणि त्या ९०मागे काय आहे तेही सांगतो, कारण तिने ते लिहिलं नाही. पहिला महिना तिने नुसता रॉडही उचलला नाही. लाकडी दांडका धरून कमरेतून वाकायला शिकली. दीड वर्षात दर आठवड्याला दोन दिवस, एक ते अडीच किलोंनी चढत, ती नव्वदला पोचली. वाढले नाहीत असेही महिने गेले. तिचा व्हिडिओ मी पाहिलाय. पट्टे नाहीत, मांडीचा आधार नाही, वर गेल्यावर दोन सेकंद ताठ उभी, मग सावकाश खाली. माझ्याकडून पांढरा दिवा. खिडकीजवळच्या मित्राच्या व्हिडिओत पट्टे होते. पहिल्या बाकावरच्याचा व्हिडिओ गुडघ्याच्या वर कापलेला आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल मी काही बोलत नाही. दिवे हातात असले तरी पंचाने न पाहिलेल्या गोष्टीवर ते लावायचे नसतात.

वयाचाही गुणक असतो. पन्नाशीला आकडा १.१३ने गुणतात, साठीला १.३४ने. म्हणजे साठीतल्या माणसाचे १०० किलो चाळिशीतल्याच्या १३४च्या तोडीचे. आपण एका वर्गातले, तेव्हा वयाचा प्रश्न यायला नको. पण आपल्यातल्या बारा-चौदा जणांची जन्मतारीख १ जून आहे! प्रवेशाच्या वेळी हेडमास्तरांनी जी घातली ती. त्यामुळे खरं वय कुणाचं काय, हे त्यांच्या आईलाच माहीत. मास्टर्स गटात उतरायला जन्मदाखला लागतो आणि तिथे शाळेचा दाखलाच चालतो, तेव्हा हेडमास्तरांनी कुणाला दोन वर्षं बक्षीस दिली आणि कुणाची कापली हे आता मिटवता येणार नाही.

वयाचा मुद्दा गुणकाहून वेगळ्या कारणाने महत्त्वाचा आहे. आपल्या वयाचा माणूस बहुतेक वेळा शेजाऱ्याशी तुलना करत नाही. तो पंचविशीतल्या स्वतःशी करतो. "कॉलेजात मी शंभर सहज मारायचो." तो शंभर कुणी तोलला नव्हता, कुणी पंच नव्हता, आणि दर वर्षी तो थोडा वाढतो. त्या आठवणीला गाठायला माणसं पहिल्याच दिवशी रॉडवर प्लेटा चढवतात. स्नायू त्या मानाने लवकर तयार होतात, पण कंडरा आणि अस्थिबंध महिनोन् महिने मागे असतात. आपल्या मित्राच्या कोपरात तुटलं ते तिथेच. त्याची पाठ आणि पाय १४०ला तयारही असतील, तो शेतात राबलेला माणूस आहे. उलट्या तळव्याच्या हातातला कंडरा तयार नव्हता. १५५ या आकड्याशेजारी "सहा वर्षांच्या सरावानंतर, पट्टे लावून" एवढे शब्द असते तर तो गेला नसता असं तो स्वतः म्हणतो. मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. खिडकीजवळच्या मित्रानेही ते ऐकलं, आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी दवाखान्यात सकाळपासून तोच बसला होता हेही इथे नोंदवतो.

म्हणून माझी एक विनंती आहे. आपल्या तुकडीच्या वहीत आकडे जरूर लिहू या, पण आकडा एकटा लिहायचा नाही. शेजारी आपलं वजन, कधीपासून करतोय, पट्टा-बेल्ट काय लावला, कुणी पाहिलं आणि रॉड तोललेला आहे की नाही, एवढं लिहायचं. वही आम्ही केलेली आहे. दोनशे पानी, आखीव, शाळेतल्यासारखी.

पहिलं पान उद्या भरायचं आहे. सकाळी सात वाजता, शाळेच्या व्यायामशाळेत. रॉड २० किलोचा, स्पर्धेचा, मी सोबत आणलाय. प्लेटा आपल्या मार्केट यार्डातल्या आडत्या मित्राने काल त्याच्या काट्यावर एकेक तोलून त्यावर खडूने खरं वजन लिहिलंय. तीन पंच असतील. पीटीचे सर मधल्या खुर्चीवर, एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला कोल्हापूरहून येणारे माझे एक सहकारी. नोंदी गणिताच्या बाई ठेवणार आहेत, तेव्हा बेरजेचा वाद होणार नाही. प्रत्येकाला तीन प्रयत्न. ज्यांनी आधी कधी उचललेलं नाही त्यांनी फक्त रिकामा रॉड उचलायचा. त्यावर एकही प्लेट मी चढू देणार नाही, मग तो कितीही मोठा अधिकारी असो. कोपर झालेला आपला मित्र प्लेटा लावायला उभा राहणार आहे, डाव्या हाताने.

आणि आपल्या मैत्रिणीने काल संध्याकाळी मला पहिल्या प्रयत्नाचं वजन कळवलंय. ते मी सांगणार नाही, स्पर्धेत ते आधी सांगत नाहीत. खिडकीजवळच्या मित्राने पट्टे घरी ठेवून यावेत. वजनकाटा साडेसहापासून दाराशी आहे. रात्रीच्या पंगतीत बासुंदी आहे असं कळतं, तेव्हा ज्यांना गटाची चिंता आहे त्यांनी वाटी बेताची घ्यावी.